तूप घ्यायला गेलो आणि ताकावर फिदा झालो

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागायच्या जरा आधी रस्त्याकडेला पत्र्याची टपरी आहे, बोर्ड वगैरे काही नाही, वरच्या धनगरवाडीतल्या एक काकी सकाळी म्हशीचं लोणकढं तूप घेऊन बसतात. ९०० रुपये किलो. महाग वाटेल पण रवाळ आहे, वास घरच्या कढवलेल्या तुपाचा, आणि तळाला थोडी बेरी पण येते (आमच्याकडे पोरं साखर घालून खातात, मला उरतच नाही).

वाडी म्हणजे सात-आठ घरं फक्त. हे गवळी धनगर, मेंढ्यावाले नव्हेत, यांच्या म्हशी. पूर्वी डोंगरमाथ्यावर राहायचे, रस्ता नाही, दूध खाली न्यायचं तर वाटेतच नासणार, म्हणून घुसळून लोणी काढायचं आणि ते खालच्या कुणबी गावांत देऊन भात-नाचणी आणायची. ताक घरात. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या लोकांचा अभ्यास केलाय, त्यात हेच आहे की कुणबी शिकार करायचे आणि यांना ताकातूनच प्रोटीन मिळायचं, म्हणून शिकारीच्या फार मागे लागायचे नाहीत. एकाच डोंगरात दोघं, पण भांडण नाही, भारी वाटलं वाचून.

मग कोयना धरण झालं, घाटापलीकडे खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, १९८५ ला अभयारण्य, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. काकी म्हणतात आधी दारात वीस म्हशी होत्या आता चार, पोरगा मुंबईला कंपनीत. त्यामुळे तूप रोज नसतं, दहानंतर गेलात तर हात हलवत परत, मी दोनदा गेलोय तसा!

तक्रार एकच, बरणीचं झाकण नीट बसत नाही, माझी अख्खी पिशवी तुपकट झाली. घरून स्टीलचा घट्ट डबा न्या. कॅश पण न्या, रेंजचा पत्ता नसतो.

आणि ताक. उन्हात उभा होतो म्हणून काकींनी न मागता तांब्याभर दिलं, पातळ, आंबूस, वर लोण्याचे कण. दोन वेळा घेतलं. पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, "ताकाचे कसले पैसे रे, ते काय विकायचं असतं?"