गाडीवरून ऑफिसला: कपडे अंगावर, बॅगेत की ऑफिसच्या कपाटात?

भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली. घर सिंहगड रोडला, म्हणजे कात्रज-देहूरोड बायपासने एका बाजूचे वीस-बावीस किलोमीटर. त्याचा फोन आला, "मामा, आमच्याकडे फॉर्मल सक्तीचे आहेत. तू इतकी वर्षं गाडीवर काढलीस. कसा नीटनेटका पोचायचास?"

त्याला फोनवर सांगितलं त्यापेक्षा हे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मार्ग तीन आहेत. ऑफिसचे कपडे घालूनच निघायचं आणि वरून जॅकेट चढवायचं. कपडे बॅगेतून नेऊन पोचल्यावर बदलायचे. किंवा कपडे ऑफिसातच ठेवायचे. तिन्ही मी केलेत. लोक अंतरावरून ठरवतात, किलोमीटर मोजतात. मी एकच गोष्ट आधी विचारतो: गाडी स्टँडवर लावल्यापासून पहिल्या माणसासमोर उभं राहीपर्यंत तुमच्याकडे किती मिनिटं आहेत?

माझ्या पहिल्या नोकरीत ती दोन मिनिटंही नव्हती. मी एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा कंपनीचा प्रतिनिधी. दिवसभर फील्डवर, सकाळी पेठांमध्ये, दुपारी हडपसर, संध्याकाळी कोथरूडच्या डॉक्टरांच्या भेटी. गाडी लावली की हेल्मेट काढून टाय सरळ करायचा आणि औषधांच्या माहितीपत्रकांची बॅग घेऊन थेट दवाखान्यात शिरायचं. अशा कामाला पहिला मार्गच आहे, दुसरा नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो अंगावरचे कपडे वाचवायचे कसे.

शर्ट तीन ठिकाणी मार खातो. कॉलरची आतली बाजू, पाठ आणि बाह्यांच्या कडा. कॉलर घामापेक्षा धुराने जास्त काळी होते. गळ्याभोवती सुती रुमाल बांधून जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली, तर संध्याकाळी रुमाल काळा दिसतो आणि कॉलर पांढरी राहते. पाठ खराब होते सॅकमुळे. सॅक पाठीला चिकटलेली असते, तिथे हवा लागत नाही, आणि एप्रिलमध्ये सॅकच्या आकाराचा ओला चौकोन शर्टावर उमटतो. सामान पाठीवरून काढून मागच्या सीटवर बांधलं, किंवा मागे टॉप बॉक्स, म्हणजे झाकणाची पेटी, बसवला, की अर्धा प्रश्न सुटतो. जॅकेट घ्यायचं तर जाळीचं घ्या. वारा आरपार जातो, शर्ट सुटा राहतो, आणि कोपर-खांद्याला पॅड असतात ते वेगळंच.

पँटचं म्हणाल तर गाडीवर अवलंबून. चेनला पूर्ण कव्हर असलेल्या साध्या गाड्यांवर काही होत नाही. उघडी चेन असेल तर चेनच्या तेलाचे बारीक काळे थेंब डाव्या पायाच्या शिलाईजवळ उडतात, आणि ते धुऊन जात नाहीत. उजवीकडे सायलेन्सर. टेरिकॉटची पँट त्याला नुसती टेकली तरी वितळून भोक पडतं. आणि डावा बूट! गिअर वर उचलताना अंगठ्याच्या मागे लिव्हर घासते आणि पॉलिशवर काळा पट्टा पडतो. एका डॉक्टरांची नजर माझ्या त्या पट्ट्यावर गेलेली मला अजून आठवते. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. लिव्हर पुढे-मागे दोन्ही टोकांची असेल तर टाच वापरा, बुटाचा वरचा भाग लागतच नाही. एकाच टोकाची असेल तर तिच्यावर रबरी नळीचा तुकडा चढवा. ज्याला जमेल त्याने गाडीवर वेगळे बूट घालावेत, ते सगळ्यांत उत्तम.

कापडाबद्दल: पूर्ण सुती शर्ट अंगाला छान, पण जॅकेटखाली कोपराच्या आत चुण्या पडतात त्या दिवसभर राहतात. लिननचं तर नावच काढू नका. सूत-पॉलिएस्टर मिश्रण इस्त्री धरून ठेवतं, मात्र घाम कमी शोषतं, म्हणून आत सुती बनियन हवाच. मी मिश्रणाच्या बाजूने आहे.

दुसरा मार्ग, पोचून कपडे बदलणे, ऐकायला सर्वांत स्वच्छ वाटतो. तो जमतो कोणाला? ज्याच्याकडे वीस मिनिटं आहेत आणि बदलायला कोरडी जागा आहे, त्याला. दहा मिनिटं म्हणत नाही, वीसच म्हणतो. गाडी थांबली तरी घाम थांबत नाही. उलट वारा बंद झाल्यावर दहा-एक मिनिटं तो जास्तच येतो. लोक घाईघाईने टॉयलेटमध्ये जाऊन ताजा शर्ट चढवतात आणि पाच मिनिटांत तोही भिजतो. आधी पंख्याखाली बसा, पाणी प्या, ओल्या नॅपकिनने मान, काखा, पाठ पुसा, अंग थंड होऊ द्या, मग शर्ट. वासाचंही तसंच आहे. ताज्या घामाला फारसा वास नसतो, तो अंगावर आणि कपड्यात राहिला की जंतूंमुळे येतो. त्यामुळे पुसून काढणं हे वरून स्प्रे मारण्यापेक्षा कितीतरी कामाचं. घाम कमी करणारा रोल-ऑन वापरत असाल तर तो रात्री झोपताना लावा, सकाळच्या धावपळीत लावल्यापेक्षा चांगला लागू पडतो.

बॅगेत शर्ट न्यायचा तर घडीच्या आत पातळ पुठ्ठा घाला, किंवा पँट पसरून त्यावर शर्ट ठेवून सगळं एकत्र सैल गुंडाळा. कडक घडी नको, रेघ पडते ती घडीच्या कोपऱ्यात. स्कूटरवाल्यांनी सीटखाली कपडे ठेवताना जपावं, खालून इंजिनची धग लागते.

आमच्या घरी हा मार्ग बायकोने पक्का केलाय. ती शाळेत शिक्षिका, साडी नेसावीच लागते. स्कूटर पंजाबी ड्रेसवर चालवते, ओढणी घरीच किंवा घट्ट गाठ मारून जॅकेटच्या आत, कारण चाकात अडकली तर जिवावर बेततं. शाळेच्या कपाटात दोन जॉर्जेटच्या साड्या, मॅचिंग ब्लाउज, परकर आणि पिनांची डबी. सुती साड्या तिला जास्त आवडतात, पण त्या कपाटात चुरगळतात म्हणून कार्यक्रमापुरत्या.

म्हणजे ती खरी तिसऱ्या मार्गाच्या उंबरठ्यावर आहे. तिसरा मार्ग माझा सर्वांत लाडका. नंतर डेस्कची नोकरी मिळाली तेव्हा मी आठवड्याचे पाच शर्ट, दोन पँट, पट्टा आणि कातडी बूट ऑफिसातच ठेवायला लागलो. सोमवारी इस्त्रीचे कपडे टॉप बॉक्समध्ये आडवे ठेवून न्यायचे, शुक्रवारी मळके परत आणायचे. कातडी बुटांनी कधी पाऊस पाहिला नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकले. येता-जाता मी टीशर्ट, जीन्स आणि घोट्यावर येणाऱ्या बुटांत. मळलं काय, भिजलं काय, फिकीर नाही. अडचण एकच: कुलूप लागणारं कपाट हवं. आता बऱ्याच कंपन्यांत बसायची जागा रोज बदलते, स्वतःचा ड्रॉवरही मिळत नाही. तिथे हा मार्ग बंद.

आणि आता पाऊस. खरा निकाल जूनमध्ये लागतो. पावसात पहिला मार्ग जवळपास कोसळतो. सर्वांत चांगला रेनकोटसुद्धा दोन जागी हार मानतो. एक, गळा: हेल्मेटच्या कडेवरून ओघळलेलं पाणी मानेमागून आत शिरतं. दुसरी जागा सीटवरची. बसल्यावर मांड्यांच्या मध्ये पाण्याचं तळं साचतं आणि पँटच्या शिवणीतून झिरपतं. घेताना शिवणींना आतून टेप लावलेली आहे का ते उलटून बघा. जाड प्लास्टिकचा रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो, पण आतला घामही अडवतो. वीस किलोमीटर गेल्यावर माणूस पावसाने भिजला की घामाने, फरक राहत नाही. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल झग्यासारखा रेनकोट, मोटारसायकलवर वापरूच नये, वाऱ्याने फडफडतो आणि चाकाकडे जातो.

पावसाळ्यात सॅकच्या वर कव्हर घालाच, पण कपडे आत वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मोजे दोन जोड. ओले मोजे घालून एसीत आठ तास काढणं ही शिक्षा आहे.

केसांचं थोडक्यात: हेल्मेटखाली पातळ सुती टोपी, पोचल्यावर ओला हात आणि कंगवा. लांब केसांची मानेशी सैल वेणी, वर अंबाडा नको, हेल्मेट नीट बसत नाही. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर पंधरा दिवसांनी शाम्पूने धुऊन सावलीत वाळवा. केस बिघडतात म्हणून हेल्मेट कोपराला अडकवून जाणारे मी रोज बघतो आणि मला राग येतो. आयएसआय मार्कचं हेल्मेट, पट्टा लावलेला, यात तडजोड नाही. जॅकेटचंही तेच. शर्ट चुरगळतो म्हणून जॅकेट काढू नका, शर्ट बदला.

खर्चाने पहिला मार्ग स्वस्त वाटतो, पण त्यात शर्ट-पँट लवकर जातात. तिसऱ्यात एकदाच चार शर्ट जास्त घ्यावे लागतात.

तर भाच्याला माझं म्हणणं असं: कपाट मिळालं तर डोळे झाकून तिसरा मार्ग. नाही मिळालं तर वीस मिनिटं आधी निघ आणि दुसरा. सकाळी उतरल्या उतरल्या मीटिंग असेल त्या दिवशी मात्र कंपनीची बस घे, गाडी घरी राहू दे. आणि रुजू होण्याआधी एक गोष्ट विचारून ये, ओला रेनकोट कुठे वाळत घालायचा. बहुतेक जण हे विचारत नाहीत आणि मग तो बॅगेत कोंबून संध्याकाळी आंबूस वासाचा रेनकोट अंगावर चढवतात.

त्याने विचारलं. बेसमेंटमध्ये पार्किंगच्या टोकाला, सिक्युरिटीच्या केबिनमागे एक दोरी बांधलेली आहे म्हणे. चिमटे मात्र आपले आपण न्यायचे.