गाडीचे सस्पेन्शन : घरी बदलावे की गॅरेजमध्ये?

गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदाच बसण्याऐवजी दोन-तीन वेळा हलत राहिली, मागच्या शॉकच्या, म्हणजे स्प्रिंगचे उसळणे आवरणाऱ्या भागाच्या, नळीवर तेलाचे ओघळ दिसू लागले आणि गाडी टायर खाऊ लागली, की सस्पेन्शनचा खर्च पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी मालकापुढे दोन निर्णय एकत्रच येतात. मूळ बनावटीचेच भाग पुन्हा घालावेत की बाजारात मिळणारे दुसरे निवडावेत, हा पहिला. आणि ते बसवण्याचे काम आपल्या हातांनी करावे की गॅरेजकडे सोपवावे, हा दुसरा. पुढील तुलना 2018 नंतरची मारुती स्विफ्ट डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि त्याच्या अंगावरची स्प्रिंग मिळून एकच खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी आडवी तुळई) ही तिची रचना आपल्याकडील बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेदान गाड्यांत आढळते, त्यामुळे येथील बरेचसे विवेचन त्यांनाही लागू पडेल. माझे मत आधीच सांगतो: मागचे शॉक घरी बदलणे हे शिकाऊ माणसालाही जमणारे काम आहे, पुढचे स्ट्रट गाडीतून काढणे आणि परत चढवणे सरावलेल्या हातांना घरी जमेल, मात्र स्ट्रटवरची स्प्रिंग सोडवण्याचे काम गॅरेजातील प्रेसवरच (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या यंत्रावरच) करून घ्यावे.

जागा ठरवण्याआधी काय बसवायचे ते ठरले पाहिजे, कारण घरच्या कामाचा आवाका त्यावर अवलंबून असतो. सर्वांत सोपा पर्याय मूळ मापाच्या शॉकचा आहे. गॅब्रिएल, मन्रो, केवायबी यांसारख्या कंपन्या असे शॉक बनवतात. गॅब्रिएल इंडिया 1961 पासून या व्यवसायात आहे आणि तिचे कारखाने चाकण आणि नाशिक येथेही आहेत. असे शॉक घातल्यावर गाडीची उंची बदलत नाही, जुन्या स्प्रिंगा कायम राहतात आणि गाडीची मूळची चाल परत मिळते. दुसरा पर्याय मूळ उंचीच्याच, पण अधिक कडक गॅस शॉकचा, म्हणजे तेलासोबत दाबाखालचा वायू भरलेल्या शॉकचा. घाटातील वळणांवर गाडीचे कलणे त्यामुळे झपाट्याने होत नाही आणि भरधाव वेगात ती अधिक स्थिर वाटते, पण खडबडीत रस्त्यावर बारीक हादरे अंगापर्यंत पोहोचतात. तिसरा पर्याय गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा किंवा उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलओव्हरचा (शॉक आणि स्प्रिंगच्या एकत्रित जोडीचा).

या तिसऱ्या पर्यायाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण घरी काम करू पाहणाऱ्या तरुणांचा ओढा बहुधा त्याकडेच असतो. स्विफ्टचा कंपनीने सांगितलेला ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) 163 मिलिमीटर आहे. गाडी 35 मिलिमीटर खाली बसवली, तर 128 उरतात. भारतीय रस्ते परिषदेच्या आयआरसी 99 या संहितेच्या 1988 च्या आवृत्तीनुसार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. स्विफ्टच्या दोन आसांमधील अंतर 2.45 मीटर असल्यामुळे अशा गतिरोधकाच्या माथ्यावर तिची पुढची आणि मागची दोन्ही चाके एकाच वेळी उतारांवर असतात, आणि हिशेब केला तर चाकांच्या रेषेपासून मधला उंचवटा साडेचार सेंटीमीटरही भरत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर खाली बसवलेली गाडीही सुखरूप निघून जाते. अडचण गल्लीबोळांतील आणि गावांच्या वेशीवरील अरुंद, उभट गतिरोधकांची आहे. ते दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभे राहतात, आणि 128 मिलिमीटरमधून 100 वजा झाल्यावर उरलेले 28 मिलिमीटर मागच्या बाकावर तीन माणसे बसली की संपून जातात. ज्यांची गाडी रोज पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच धावते त्यांनी हा विचार वेगळा करावा. सणावारी गावी जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीसाठी मी आखूड स्प्रिंगांची शिफारस करणार नाही.

शिवाय आखूड स्प्रिंगखाली मूळ मापाचा शॉक ठेवला, तर त्याचा दांडा आधीच अर्धवट आत गेलेला असतो, दबायला जागा कमी उरते आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी अडणीवर) आदळते. म्हणूनच काही उत्पादक दोन वेगळ्या मालिका ठेवतात. बिल्स्टीन या कंपनीचा बी-6 मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी असतो, तर बी-8 आखूड स्प्रिंगांसाठी. फक्त स्प्रिंगा बदलून खर्च वाचवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. झिजलेला शॉक काढून त्याच मापाचा नवा घालणे ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणे हा वेगळा विषय होतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक त्याबद्दल प्रश्न विचारू शकतो. त्यामुळे तसा बदल करायचाच असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे विचारणा करावी.

आता जागेची तुलना. मागच्या बाजूला स्विफ्टसारख्या गाडीत शॉक आणि स्प्रिंग वेगवेगळे असतात, त्यामुळे शॉक बदलताना दाबलेल्या स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, गाडी उचलून, ठरलेल्या जागी स्टँडवर टेकवायची आणि जॅक टॉर्शन बीमखाली हलका टेकलेला ठेवायचा, म्हणजे शॉक सुटल्यावर बीम एकदम खाली जाऊन ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येत नाही आणि स्प्रिंगही जागेवरून निसटत नाही. एका वेळी एकच बाजू सोडायची. नवा शॉक दुहेरी नळीचा असेल, तर तो उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून मोकळा करावा, म्हणजे आतील तेलात शिरलेली हवा वर निघून जाते. खालचा बोल्ट आधी हातघट्ट ठेवून, गाडी चाकांवर उतरवल्यानंतर शेवटचा आवळावा; हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळला, तर बुशचे (बोल्टभोवतीच्या रबरी कड्याचे) रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ही शेवटची काळजी घाईच्या गॅरेजात अनेकदा घेतली जात नाही, आणि घरच्या कामाचे पारडे माझ्या मते येथेच जड होते. स्वतःच्या गाडीचा मालक मॅन्युअलमधील आकडा पाहून टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट आवळतो. गॅरेजात बहुधा इम्पॅक्ट गनने (ठोके देत आवळणाऱ्या यंत्राने) एकदाच आवळून पुढचे काम हाती घेतले जाते.

पुढच्या बाजूला चित्र उलटते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग शॉकच्या अंगावरच बसवलेली असते. स्विफ्टचे वजन नऊशे किलोंच्या आसपास आणि त्यातले निम्म्याहून बरेच जास्त पुढच्या चाकांवर, म्हणजे गाडी उभी असताना पुढची एकेक स्प्रिंग दोनशे किलोंहून अधिक भार पेलते. गाडी उचलून चाक लोंबकळत ठेवले तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही; वरच्या मधल्या नटमुळे ती दाबलेलीच राहते. तो नट स्प्रिंग न आवळता सोडला, तर वरची वाटी आणि माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. स्प्रिंग कम्प्रेसर वापरला म्हणजे धोका संपला असेही नाही. घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या जोडीत दोन लांब आटेदार दांडे आणि त्यांच्या टोकांना स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकणारे आकडे असतात. ते समोरासमोर लागले नाहीत, दोन्ही बाजूंनी थोडे-थोडे आळीपाळीने आवळले नाहीत किंवा त्यांवर इम्पॅक्ट गन चालवली, तर स्प्रिंग एका बाजूला वाकते आणि आकडा घसरतो. चांगल्या गॅरेजात भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला प्रेस असतो, त्यात स्प्रिंग दोन्ही टोकांना आधाराने धरली जाते आणि काम करणारा तिच्या रेषेपासून बाजूला उभा राहू शकतो. हा फरक केवळ सोयीचा नाही. तरुण मुले इमारतीच्या पार्किंगमध्ये उसन्या कम्प्रेसरने हे काम करायला निघतात, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ते थांबवावे, असे मला मनापासून वाटते.

यावर मधला मार्ग आहे. लिंक रॉड, एबीएसची वायर आणि ब्रेकच्या नळीची पकड स्ट्रटपासून सोडवून, नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) हलके बांधून ठेवून, खालचे दोन बोल्ट आणि वरचे माउंटिंग गाडीच्या अंगापासून सोडवले की स्ट्रट अखंड बाहेर येतो. तो आणि नवे भाग घेऊन गॅरेजात जायचे, प्रेसवर स्प्रिंग नव्या शॉकवर चढवून घ्यायची आणि घरी परत बसवायचे. त्याच वेळी वरचे माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळरोधक रबर नवे घालणे शहाणपणाचे आहे, कारण जुने बेअरिंग करकरू लागले तर सगळी खटपट पुन्हा करावी लागते. ज्यांच्याकडे दुसरे वाहन नाही त्यांना मात्र स्टँडवरची गाडी सोडून स्ट्रट खांद्यावर घेऊन जाणे परवडत नाही; त्यांनी पुढचे काम थेट गॅरेजलाच द्यावे.

घर म्हणजे नेमके कोणते घर, यावरही बरेच ठरते. सपाट, पक्क्या काँक्रीटचे अंगण किंवा पार्किंग असेल तरच हे काम करावे. पेव्हर ब्लॉक, फरशी, मुरूम किंवा पावसाने भिजलेली माती यांवर स्टँडचा पाय रुतू किंवा घसरू शकतो. गाडीसोबत येणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, आणि चांगल्या ट्रॉली जॅकच्याही भरवशावर जाऊ नये. विटा आणि लाकडाचे ठोकळे स्टँडची जागा घेऊ शकत नाहीत. सोसायटीच्या तळघरात काम करायचे असेल, तर परवानगीबरोबरच उजेडाचाही विचार करावा.

रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबई अशा खाऱ्या हवेतील गाड्यांबाबत मी घरच्या कामाचा आग्रह धरणार नाही. तेथे शॉकच्या खालच्या बोल्टचे आटे आणि बुशच्या आतील नळी गंजून एक झालेली असते. आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल मारूनही बोल्ट न हलल्यास गॅरेजवाला गॅस पेटवून तो तापवतो किंवा कापून काढतो. घरी तो बोल्ट तुटला, तर गाडी स्टँडवरच अडकून पडते. कोरड्या हवेतील, बोल्ट एकदा-दोनदा उघडलेल्या गाडीत ही भीती फारच कमी.

पैशांचा हिशेब सरळ आहे. घरी केल्याने फक्त मजुरी वाचते, भागांची किंमत तीच राहते. ट्रॉली जॅक, दोन स्टँड, गोटी पान्यांचा संच, लांब दांडा आणि टॉर्क रेंच ही सामग्री पहिल्या कामातच वाचलेली मजुरी गिळून टाकते, म्हणून ती पुढेही वापरण्याचा इरादा असेल तरच खरेदी करावी. नट मात्र प्रत्येक वेळी नवे वापरावेत, कारण आपोआप न सुटणारे नट दुसऱ्यांदा तितकी पकड घेत नाहीत. शॉकच्या वॉरंटी कार्डावर बसवण्याविषयी काही अट आहे का, तेही विकत घेण्यापूर्वी वाचावे.

बोलेरोसारख्या मागे पाटे (पट्ट्यांच्या थरांच्या स्प्रिंगा) असलेल्या गाड्यांचा विचार थोडक्यात करतो. तिथे शॉक बदलणे सोपे, पण पाटे जड असतात, त्यांचे यू-बोल्ट टप्प्याटप्प्याने तिरपे आवळावे लागतात आणि काही दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात. गाडी उंच करायची असल्यास प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचा) कोन आणि ब्रेकच्या नळ्यांची लांबी हे प्रश्नही उभे राहतात. ते काम अनुभवी गॅरेजचे आहे.

काम कुठेही झाले तरी चाकांचे अलाइनमेंट बाहेरच करावे लागते. स्ट्रटच्या खालच्या बोल्टांना भोकांमध्ये किंचित जागा असते. तेवढ्यानेही चाकाचा कॅम्बर (उभा कल) बदलतो आणि त्यासोबत टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बिघडतो. उंची बदलली असेल, तर हेडलाइटचा झोतही तपासावा, आणि ज्या गाडीत पुढचा कॅमेरा किंवा रडार आहे तिच्या कॅलिब्रेशनबद्दल सर्व्हिस सेंटरला विचारावे. अलाइनमेंटच्या यंत्रातून निघालेला कागद जपून ठेवावा, पाचशेएक किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि स्प्रिंगा नव्या असतील तर त्या बसल्यानंतर, म्हणजे महिनाभराने, अलाइनमेंट दुसऱ्यांदा करून घ्यावे.