शेव्हेल १९६८ : आधी गिअरबॉक्स, मग इंजिन (दोन उन्हाळ्यांच्या वापरानंतर)

आमच्या १९६८च्या शेव्हरोले शेव्हेल मालिबूला मूळचे ३०७ क्युबिक इंचांचे व्ही-८ इंजिन आणि दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. मिशिगनमध्ये रस्त्यांवर मीठ पडू लागले की अशा गाड्या तशाही वसंतापर्यंत गॅरेजातच असतात, म्हणून पहिल्या हिवाळ्यात गिअरबॉक्स आणि दुसऱ्या हिवाळ्यात इंजिन असे काम विभागले. त्यामुळे एक उन्हाळा जुने इंजिन नव्या गिअरबॉक्ससह चालवता आले, आणि त्यानंतर माझे मत पक्के झाले : अशा गाडीवर खर्च करायचा असेल तर तो आधी गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलवर करावा.

याचे कारण साध्या गुणाकारात आहे : गिअर आणि मागचा अ‍ॅक्सल यांची गुणोत्तरे गुणली की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत साधारण किती पट होऊन पोचतो ते कळते. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.८२ आणि आमच्या मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.०८, म्हणजे सिग्नलवरून निघताना एकूण ५.६. त्याजागी २००-४आर हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक बसवला. त्याचा पहिला गिअर २.७४ आहे, आणि अ‍ॅक्सल ३.५५ केल्यामुळे एकूण ९.७ होते. इंजिनाला हात न लावता पिकअप इतका वाढला की शेजारच्याला इंजिन बदलले नसल्याचे पटेना. दुसरीकडे चौथा गिअर ०.६७चा ओव्हरड्राइव्ह (म्हणजे इंजिन सावकाश फिरूनही वेग राखणारा) असल्याने ताशी ७० मैलांना जिथे पूर्वी सुमारे २,८०० आरपीएम लागत, तिथे आता साधारण २,१५० पुरतात आणि हायवेवर मागच्या सीटवरच्या माणसाशी न ओरडता बोलता येते.

जनरल मोटर्सचाच चार गिअरांचा दुसरा ऑटोमॅटिक, ७००-आर४, अधिक सहज मिळतो, तरी तो टाळला. त्याच्या ३.०६च्या पहिल्या गिअरनंतर एकदम १.६३चा दुसरा येतो, त्यामुळे आरपीएम जवळजवळ निम्म्यावर कोसळतात. शिवाय तो लांबीला जास्त आहे, तर २००-४आर पॉवरग्लाइडइतकाच लांब असल्याने प्रोपेलर शाफ्ट कापावा लागला नाही. फक्त गिअरबॉक्सला खालून आधार देणारा क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागला आणि स्टिअरिंग कॉलमवरची गिअरदर्शक पट्टी बदलावी लागली. ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स मोह पाडणारा आहे, परंतु गाडी आम्ही दोघेही चालवतो आणि क्लचसाठी पत्नीचा ठाम नकार होता.

या गिअरबॉक्सची खरी नस म्हणजे कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे त्यानुसार आतील तेलाचा दाब हीच केबल ठरवते. ती सैल राहिली तर दाब अपुरा पडतो, क्लचच्या प्लेटा घसरतात आणि फार थोड्या अंतरात जळून जातात. ज्या वर्कशॉपने बसवणी केली त्यांनी ती सैलच सोडली होती. दुसरा गिअर गाडी हलते न हलते तोच पडायचा, आणि चढावर तिसरा पडताना इंजिनाचा आवाज चढे पण वेग चढत नसे. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल लालऐवजी तपकिरी झाले होते आणि त्याला करपल्याचा वास होता. मग प्रेशर गेज लावून केबल नव्याने बसवली, आणि कार्ब्युरेटरच्या लिव्हरला योग्य कोन देणारी पट्टीही घातली, कारण मूळ नसलेल्या कार्ब्युरेटरवर केबल योग्य प्रमाणात ओढली जात नाही. हे काम करणाऱ्याला गेज वापरता येते का, हे दर ठरवण्याआधी विचारावे. तेल थंड ठेवणारा वेगळा कूलरही लगेच लावावा.

दुसऱ्या हिवाळ्यात ३५० क्युबिक इंचांचे क्रेट इंजिन, म्हणजे पूर्ण जुळवून पेटीतून तयार मिळणारे, घातले. ३०७ आणि ३५० ही शेव्हरोलेच्या एकाच ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ घराण्यातील असल्याने माउंटिंग जुनीच चालली. मात्र १९८६पासून या इंजिनांचे मागचे मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे तेल अडवणारे) दोन तुकड्यांऐवजी अखंड झाले, त्यामुळे नव्या रचनेच्या इंजिनाला फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारी चकती, वेगळी लागते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट रोलर प्रकारचाच (ज्यावर टॅपेट घासत नाहीत, छोट्या चाकांवर फिरतात) निवडला, कारण जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमला जस्त-फॉस्फरसयुक्त तेल लागते आणि आजच्या सामान्य तेलांत ते कमी असते. आकड्यांना मात्र भुलू नये : कागदावरची ३०७ची २०० अश्वशक्ती ही पंखा, एअर फिल्टर आणि पूर्ण एक्झॉस्ट यांशिवाय मोजलेली ‘ग्रॉस’ आहे, कारण अमेरिकेत हे सगळे लावून केलेली ‘नेट’ मोजणी सर्रास आली ती १९७२च्या मॉडेलांपासून.

नवे इंजिन अर्थातच जोरदार आहे, परंतु फरक जाणवतो तो मुख्यतः हायवेवर ओव्हरटेक करताना. गावात पहिल्या उन्हाळ्याचा आनंद आणि दुसऱ्याचा यांत मला फारसे अंतर दिसले नाही, खर्चात मात्र ते भरपूर होते. अ‍ॅव्हरेज थोडे सुधारले, तेही इंजिनाआधीच. पुढचे मूळ ड्रम ब्रेक या वेगाला अजिबात पुरत नाहीत, त्यामुळे डिस्कचा खर्च हिशेबात आधीच धरावा.

जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकमधले ५.३ लिटरचे एलएस या नव्या पिढीच्या व्ही-८ घराण्यातील इंजिन भंगारबाजारात स्वस्त मिळते, हे खरे. पण त्याला सुमारे ५८ पीएसआयचा इंधनदाब, टाकीतला पंप, संगणक, वायरिंग आणि वेगळा ऑइल पॅन लागतो, आणि हे सगळे मिळून इंजिनाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते. ज्याला रोज, थंडीतही, याच गाडीने कामावर जायचे आहे त्याने तो खर्च जरूर करावा. केवळ शनिवार-रविवारी आणि ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात फिरवणाऱ्याने २००-४आर आणि ३.५५ची अ‍ॅक्सल बसवून आधी एक उन्हाळा जुनेच इंजिन चालवून पाहावे.