शेतकरी गटाची आठवडी भाजी की दहा मिनिटांचं ॲप?

२०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकरी गटांना थेट सोसायटीच्या दारात येणं सोपं झालं. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईत अशा गटांची चांगलीच ओळख झाली. व्हॉट्सॲपवर यादी येते, आपण मागणी नोंदवायची, आणि नोंदवलेली तेवढीच भाजी आदल्या दिवशी काढली जाते. मेथीच्या मुळांना ओली माती असते. पावसाळ्यात कर्टोली, टाकळा, थंडीत पावटा, हरभऱ्याची कोवळी भाजी. झटपट घरपोच भाजी देणाऱ्या ॲपवर हे क्वचितच दिसतं. शिवाय पैसे पिकवणाऱ्याच्या हाती जातात, मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

ॲपची बाजू वेळेची. अचानक पाहुणे आले तर पाव किलो टोमॅटो लगेच हजर, खराब निघाले तर पैसे परत. गटाकडे पावसाने तोडणी हुकली की पालेभाजी येतच नाही.

म्हणून पालेभाज्या, शेंगा, गावरान वांगी गटाकडूनच घ्या. कांदे-बटाटे कुठूनही चालतील. मात्र गटाकडे नोंदवलेली मागणी आयत्या वेळी रद्द करू नका, तोवर भाजी तोडून झालेली असते.