धूप-मॉडेलिंगचं वर्कशॉप केलं, पण मॅपवर आमचा डम्पच नाही

मागच्या शनिवार-रविवारी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका क्लासवाल्यांचं वर्कशॉप करून आलो, खाणीच्या जुन्या जमिनीवर माती किती वाहून जाते ते कॉम्प्युटरवर काढायचं. नाव नाही घेत, माणसं चांगली आहेत. फी साडेतीन हजार, त्यात दोन्ही दिवस तर्री पोहा आणि जेवण, पोह्याला फुल मार्क.

आमचं काम उमरेडकडे ओबी डम्पवर, म्हणजे खाण खोदताना वरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगावर, झाडं लावायचं, म्हणून गेलो. पहिला दिवस मस्त. धूप काढायचं गणित शिकवलं, आरयूएसएलई; ते म्हणजे काय तर पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उतार किती लांब नि किती चढा, वर झाकण काय आणि बांधबंदिस्ती काय, हे सगळे आकडे गुणायचे की हेक्टरी वर्षाला किती टन माती जाते ते निघतं. मुळात अमेरिकेत शेतासाठी बनलेलं गणित आहे हे. मग सरांनी दोन ट्रे तिरपे ठेवले, एकात काळी माती अन् एकात डम्पवरचा खडी-चिकणमातीचा माल, आणि झारीनं पाणी सोडलं. डम्पवाल्या ट्रेखालचा ग्लास मिनिटभरात चहासारखा झाला. हे बघूनच अर्धे पैसे वसूल.

गडबड दुसऱ्या दिवशी. क्यूजीआयएस म्हणून नकाशांचं सॉफ्टवेअर आहे, त्यात त्यांनीच दिलेल्या फाईली टाकल्या, बटणं दाबली, आणि आमच्या साईटवर गडद हिरवा रंग आला, म्हणजे धूप जवळपास नाहीच! अरे भाऊ, त्याच डम्पवर एक घळ आहे, मी आत उभा राहिलो तर बाहेरून फक्त टोपी दिसते. सरांना विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअरनं दिलंय ना. चहाच्या वेळेत मीच उंचीची फाईल उघडून पाहिली तर तिथं सपाट वावर. एसआरटीएमचा डेटा होता तो, फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळातल्या स्पेस शटलवरून ११ दिवसांत मोजलेला, आणि आमचा डम्प त्यानंतर उभा राहिला! असता तरी ३० मीटरच्या चौकोनात डम्पच्या पायऱ्या (बेंच) कुठं दिसणार. मातीचा आकडाही मातीच्या नकाशातून घेतलेला, म्हणजे डम्पखाली गाडल्या गेलेल्या काळ्या मातीचा. आणि या गणितात घळी धरतच नाहीत, ते सांगितलंच नाही कोणी.

वाचवलं ते शेवटच्या तासानं. असिस्टंट मॅडमनी सीझर-लिसफ्लड नावाचं दुसरं सॉफ्टवेअर दाखवलं, फुकट मिळतं, त्यात पाणी माती उचलतं, खाली टाकतं आणि जमिनीचा आकारच वर्षानुवर्षं बदलत जातो, घळ डोळ्यांदेखत पडते. ऑस्ट्रेलियातल्या रेंजर युरेनियम खाणीसाठी हे वापरलंय, कारण तिथला खाणीचा गाळ १०,००० वर्षं उघडा पडायला नको असा नियम आहे. दहा हजार! आपल्याकडं दोन पावसाळे निघाले तरी लोक पेढे वाटतात. मॅडमना माझा हिरवा मॅप दाखवला तर हसल्या, म्हणाल्या, "दादा, आधी ड्रोन उडवा, मग बोलू."

पाचपैकी साडेतीन. क्यूजीआयएस अजिबात येत नसेल तर जाऊ नका, पळवतात फार. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे, जाणार असाल तर स्वतःच्या साईटचा ड्रोन सर्व्हे पेनड्राईव्हवर घेऊन जा आणि पहिल्याच दिवशी मॅडमच्या टेबलाजवळची खुर्ची पकडा, तिथं एसीही लागतो.