बोटावर तोललेली काठी

आधी आकडा सांगून टाकतो. १,१४० डॉलर. तेवढ्यात मला मिळाली बांबूची एक गळकाठी, एक जुनं इंग्लिश रीळ आणि ६२ ग्रॅम शिसं. शिशाचा पत्ता लागायला मात्र पाच आठवडे गेले.

मी मूळचा मालवणकडचा. गरवायला शिकलो ते काकांच्या मागे खाडीवर बसून, हातात माणग्याची काठी. सिंधुदुर्गात हा भरीव बांबू घरोघरी लागतो, त्यामुळे आपल्याला बांबूतलं कळतं अशी माझी एक समजूत होती. या प्रकरणात तीच मला जास्त महागात पडली. माहिती नसलेला माणूस निदान चार जणांना विचारतो तरी.

पेनसिल्व्हेनियात आल्यावर फ्लाय फिशिंगचं वेड लागलं. खाडीवरचे आपले नियम इथे चालत नाहीत. गळाला लावलेली पिसा-दोऱ्याची माशी फुंकरीने उडेल इतकी हलकी. ती पाण्यापर्यंत पोचते ती लाइनच्या, म्हणजे रिळावरच्या जाड दोरीच्या, वजनावर. म्हणून लाइनला नंबर असतात. ४ नंबर म्हणजे पहिल्या ३० फुटांचं वजन १२० ग्रेन, जेमतेम पावणेआठ ग्रॅम. एवढंसं वजन मागेपुढे झुलवायचं, तर काठीचा जीवही तितकाच हवा.

इथल्या डोंगरातले ओढे अरुंद. दोन्ही काठांनी रोडोडेंड्रॉनची झुडपं, वर हेमलॉकच्या फांद्या. नऊ फुटी काठी उगारली की माशी झाडात. ब्रूक ट्राउट वीतभर, फार तर दीड वीत. अशा जागी सहा-सव्वासहा फुटी हलकी काठी हवी, आणि ती बांबूची असली तर मजा निराळीच. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षट्कोनी दांडा करतात. बांबू टोंकिन केन म्हणून ओळखला जातो, पण येतो चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. तोवर बाजार फायबरग्लासने खाल्ला होता. म्हणून विकणारे ‘बंदीच्या आधीचा बांबू’ हे शब्द मंत्रासारखे वापरतात. माझ्या विक्रेत्याने ते पहिल्याच निरोपात वापरले.

आता भावाची गोम. नऊ-साडेनऊ फुटी, तीन तुकड्यांच्या बांबूच्या काठ्या एके काळी ढिगाने बनल्या. आजोबा गेले की माळ्यावरून अशी एक काठी निघतेच, आणि बहुतेकींना फारसं कोणी विचारत नाही. आखूड काठ्या मुळात कमी बनल्या, त्यात हौशी मंडळींचा डोळा त्यांच्यावरच. डेट्रॉइटच्या पॉल यंगने केलेली ‘मिज’ ही सहा फूट तीन इंचाची दोन तुकड्यांची काठी आज कित्येक हजार डॉलरना जाते. लांब काठी स्वस्त आणि आखूड महाग असं उलटं गणित असल्यावर कोणाच्या तरी हातात करवत येणारच. हे मला आता सुचतंय.

विक्रेता हुशार. काठी यंगची आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मीही सावध झालो असतो. त्याचं म्हणणं एवढंच, की १९५०च्या दशकात एका छोट्या कारागिराने ‘मिजच्या मापावर’ केलेली बिननावाची काठी आहे आणि तिच्यासोबत तिला ‘जुळवलेलं’ रीळ आहे. रीळ इंग्लंडमधल्या अ‍ॅनिकच्या हार्डी कारखान्याचं, फेदरवेट, पावणेतीन इंचांहून किंचित मोठं. हे रीळ अशा काठ्यांवर शोभतं हे खरंच. “लोक काठी एकीकडून घेतात, रीळ दुसरीकडून, आणि मग मनगट दुखतं म्हणून रडतात. हा जोड मी स्वतः बसवलाय,” असं तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला. आणि मग त्याने ती करामत केली. रीळ लावलेली काठी कॉर्कच्या मुठीच्या पुढच्या टोकाशी एका बोटावर ठेवली. काठी आडवी, स्तब्ध. जरा डुलली आणि थांबली.

मी तिथेच विकला गेलो.

काठी-रिळाचा तोल मुठीच्या पुढच्या टोकाशी यावा, ही जुनी रीत आहे. रिळाचं वजन काठीच्या दीडपट असावं असाही एक ठोकताळा सांगतात. मी दोन्ही पाठ केले होते. परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न यावा तसं झालं. त्याने वजनं सांगितली नाहीत, मी विचारली नाहीत. डोळ्यांपुढे तोल दिसत असताना वजनं कशाला?

रिळाचा पाय, म्हणजे ज्यावर ते काठीला बसतं ती पट्टी, कानशीने घासलेला दिसत होता. तेही त्याने आपणहून दाखवलं: “जुन्या कडीत बसावा म्हणून थोडा घासलाय.” जुन्या रिळांच्या बाबतीत पाय घासणं म्हणजे दागिन्याचा शिक्का खरवडणं, किंमत धाडकन खाली येते. पण मला वाटलं, माणूस स्वतः दोष सांगतोय, म्हणजे प्रामाणिक आहे. एक छोटा दोष कबूल करून मोठा झाकायचा, ही आपल्याकडे गुरांच्या बाजारातली जुनी चाल. काका असते तर हसले असते.

पैसे पाठवताना तो म्हणाला, अ‍ॅपमध्ये ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, फी वाचेल. वाचली. तीसेक डॉलर वाचले असतील.

काठी आली. दिसायला देखणी: मधाच्या रंगाचं व्हार्निश, लाल दोऱ्यांची बांधणी. या व्यवहारात तीन दिवस तपासायला देण्याची पद्धत आहे, त्यानेही दिले. तीन दिवसांत मी काय तपासलं? बोटावर ठेवून पाहिली. दोनदा. बायकोलाही दाखवली. ती म्हणाली, “छान. आता पडदे लावायला वापरू या का?” एक गोष्ट खटकली होती: नळीत घालताना टोकाकडचा तुकडा खालच्यापेक्षा इंचभर आखूड निघाला. दोन तुकड्यांच्या काठीचे भाग सारखे असायला हवेत. मी मनातल्या मनात कारागिराचं समर्थन केलं, हाताने केलेली वस्तू आहे, होतं थोडं मागेपुढे.

ओढ्यावर गेलो तर काठी ऐकेना. मनगट फिरवलं की शेंडा उशिरा यायचा, आणि आला की थांबायचा नाही. लाइनचा वळसा उलगडायच्या आधीच कोसळायचा. तासाभरात अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. दोष अर्थातच माझा, असं मी धरून चाललो. पाच आठवडे मी हाताची पद्धत सुधारत होतो. घरामागच्या हिरवळीवर, शेजाऱ्यांच्या देखत.

मग एके रविवारी लाइन पुसून काढायला रीळ रिकामं करायला घेतलं. डबल टेपर लाइन पूर्ण असती तर ऐंशी-नव्वद फूट निघायला हवी होती. ४५ फुटांवर संपली. मधोमध कापलेली. तेही चालण्यासारखं असतं, कारण ही लाइन दोन्ही टोकांना सारखीच असते आणि काटकसरी लोक ती कापून दोन रिळांवर वापरतातच. पण तिच्याखाली बॅकिंगचा दोरा हवा होता. त्याचे चार वेढे निघाले आणि त्याखाली करड्या रंगाची मऊ तार. नखाने ओरखडा उठला. शिसं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. हे काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सात मिनिटं लागली. रिळाचं स्वतःचं वजन ८५ ग्रॅम, म्हणजे तीन औंस, जे या रिळाचं असायला हवं तेच. लाइन अकरा ग्रॅम. बाकीचे ६२ ग्रॅम तारेचे. मग एकटी काठी ठेवली: ७८ ग्रॅम. मिजच्या मापाची काठी पावणेदोन औंसांच्या आसपास असते, म्हणजे ५० ग्रॅम. माझी त्याच्या दीडपट. शिसं काढून, साधा दोरा भरून काठी पुन्हा बोटावर ठेवली तर तोलाची जागा मुठीच्या पुढे चांगली तीन बोटं सरकली.

इथे जरा थांबतो, कारण फसवणुकीची खरी मेख इथे आहे. बोटावरचा तोल फक्त दोन्ही बाजू सारख्या ओढतात एवढंच सांगतो. शेंडा जड असला तर मागे जड रीळ लावा, तोल साधतो. पण फेकताना काठी फिरत असते, आणि फिरताना वजनाइतकंच ते हातापासून किती दूर आहे हेही मोजलं जातं. अंतर दुप्पट झालं तर ओढ चौपट. रीळ मुठीला चिकटून असतं, त्यामुळे त्यातलं शिसं शेंड्याचा जडपणा तसूभरही कमी करत नाही. हातावरचा भार तेवढा वाढतो. लांब काठीला वजनदार रीळ एक वेळ चालून जातं. आखूड, हलक्या काठीला लाइन मावेल असं सगळ्यात हलकं रीळ घ्यावं आणि दीडपटीचा ठोकताळा विसरावा, असं माझं आताचं मत आहे. काठी मुळात हलकी असेल तर तोल कुठे येतो याची फिकीर करावी लागत नाही.

काठी घेऊन मी दोन तासांवरच्या एका दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने तुकडे जोडले नाहीत, नुसते शेजारी ठेवले. सांध्याच्या धातूच्या नळीला कॅलिपर लावला. शेंड्याच्या कडीला लावला. मग विचारलं, “याचा बुंधा कुठे आहे?”

“हा काय,” मी खालचा तुकडा दाखवला.

त्याने मान हलवली. माझ्या परवानगीने मूठ तापवून कॉर्कच्या दोन चकत्या फोडल्या. आत, कॉर्कखाली, निकेल-सिल्व्हरची नर सांधनळी जशीच्या तशी होती. म्हणजे ज्याला मी बुंधा समजत होतो तो साडेनऊ फुटी काठीचा मधला तुकडा. तिचे तीन भाग ३८-३८ इंचांचे. बुंधा बाजूला काढला, मधल्या तुकड्यावर नवी मूठ चढवली, शेंडा बहुधा मोडलेलाच होता म्हणून इंचभर छाटून जाड कडी बसवली. ३८ आणि ३७ मिळून ७५ इंच, सहा फूट तीन. मिजचं माप! वर नवं व्हार्निश, आणि नव्या व्हार्निशखाली सगळं सारखंच जुनं दिसतं.

म्हाताऱ्याला नवल वाटलं नाही. तुकडे तोडून जोडलेल्या काठ्या त्याने पुष्कळ पाहिल्यात, म्हणाला; रिळात शिसं भरण्याचा त्रास घेणारा मात्र पहिलाच. त्याच्या आवाजात थोडं कौतुक होतं, ते मला आवडलं नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं: तीन दिवस केव्हाच संपले. दुसरं आलं नाही. अ‍ॅपवाल्यांनी कळवलं की मित्र-नातेवाइकांना पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं. बरोबरच आहे. मीच त्याला नातेवाईक केलं होतं.

तुम्ही असा जोड घेणार असाल तर विक्रेत्याला बोटावरचा तोल दाखवू नका म्हणावं. काठीचं एकटीचं वजन, रिळाचं लाइन आणि दोरा काढून वजन, प्रत्येक तुकड्याची वेगळी लांबी, एवढं काट्या-टेपच्या फोटोसकट मागा. खरं विकणाऱ्याला यात काही जड जात नाही. नाव कुठे लिहिलंय तेही विचारा. कारागीर ते बहुधा मुठीच्या जरा वर लिहितात, म्हणजे बुंध्यावर. माझ्या काठीवर नाव का नव्हतं, याचं उत्तर बुंध्याबरोबरच गेलं. आणि तीन दिवस मिळालेत तर पहिल्याच संध्याकाळी रीळ पार आसापर्यंत उघडा.

रीळ मी ठेवलंय. पाय घासलेला असला तरी चालतं सुंदर, टिकटिक ऐकत राहावीशी वाटते. ते आता साडेसहा फुटी फायबरग्लासच्या काठीवर आहे, जी मला ७० डॉलरना मिळाली आणि जी ओढ्यावर पहिल्या दिवसापासून ऐकते. बांबूचे दोन तुकडे म्हाताऱ्याच्या दुकानात टांगलेत. त्याचं म्हणणं, बुंधा मिळाला तर काठी पुन्हा साडेनऊ फुटी उभी करता येईल, मोठ्या नदीवर छान चालेल. तेव्हा कोणाकडे माळ्यावर जुन्या काठीचा ३८ इंची, एकटा उरलेला, मधाच्या रंगाचा बुंधा पडला असेल, वरच्या सांध्याचं माप २०/६४ इंच, तर मला कळवा. वजन मात्र आधी सांगा.