बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, अकरा महिने: हत्यार ठीक, होल्स्टरनं घात केला

खंडेनवमीला पूजेसाठी रिव्हॉल्व्हर कपाटातून काढलं आणि पोटात गोळाच आला. सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, खाचांत तांबूस ठिपके, नळीवर बोटभर लांबीचा गंज. गेल्या दिवाळीत घेतलेलं हत्यार, अजून वर्षही झालेलं नाही. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "तेल लावलं नसणार तुम्ही." दर पंधरा दिवसांनी लावत होतो. त्या रात्री पोलादालाच शिव्या घालणारा अनुभव लिहून ठेवला होता. तो आता खोडला. का, ते पुढं सांगतो.

आमचं गुऱ्हाळ कोल्हापूर-गगनबावडा रस्त्याला, कळे गावाच्या पुढं. हंगामात मजुरांचे पैसे रोख न्यायचे आणि रात्री एकट्यानं परत यायचं, म्हणून परवाना काढला. नऊ एमएम प्रतिबंधित बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं नळीचं माप, तो विषय तिथंच संपला. राहिले बावीस आणि बत्तीस. बावीस हलकं, धक्का जवळजवळ नाही. पण त्याच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेला असतो आणि अशी काडतुसं फुसकी जायची शक्यता जास्त. बत्तीसमध्ये तोच मसाला बुडाच्या मधोमध छोट्या टोपीत असतो, म्हणून भरवसा जास्त. बाकी बत्तीसबद्दल भ्रम नको. मूळ काडतूस १८९६ सालचं, ताकद नऊ एमएमच्या साधारण तिसरा हिस्सा. अंगावर आलेल्या माणसाला पाच-सात पावलांवर थोपवायचं, एवढंच त्याचं काम.

चुलतभावानं विचारलं, राधानगरीकडच्या रानात गव्यांसाठी जवळ ठेवू का? अजिबात नको. नर गवा हजार किलोपर्यंत भरतो, आपली शिशाची गोळी साडेसहा ग्रॅमचीसुद्धा नाही. त्यानं तो नुसता चवताळेल. शिवाय गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेणंच गुन्हा. गवा दिसला की लांबूनच मागं फिरायचं.

वजनाचं म्हणाल तर टायटॅनियमचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमचं, पण २०१४ ला आलं तेव्हाच त्याची किंमत १ लाख २२ हजार होती. २०२३ च्या 'प्रबळ' रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला उघडतं, भरायला सोपं. मी पैसे वाचवले आणि भरताना मधून दुमडून उघडणारं पोलादी घेतलं, ७०० ग्रॅमच्या आसपास. पहिला महिनाभर कंबर दुखली, मग सवय झाली.

आता होल्स्टर, म्हणजे कंबरेला लावायची हत्याराची खोळ. २०१६ च्या नियमांप्रमाणे चारचौघांत हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच खोळीत आणि झाकूनच न्यावं लागतं, म्हणजे ही हौसेची वस्तू नव्हे. दुकानदारानं आतून मखमली अस्तर असलेलं काळं होल्स्टर १८०० रुपयांना दिलं आणि सांगितलं, "घरीही यातच ठेवा, ओरखडा पडणार नाही." मी ऐकलं. जून ते सप्टेंबर आमच्याकडं भिंतीसुद्धा पाझरतात. पूजेनंतर नीट बघितलं, तर गंज फक्त डाव्या अंगाला होता. मी उजव्या कंबरेला लावतो, म्हणजे डावं अंग माझ्या शरीराकडं. बाहेरचं अंग लख्ख. तेव्हा डोक्यात उजेड पडला. घाम आणि पाऊस अस्तरात मुरला आणि चार महिने हत्याराला चिकटून बसला. लावलेलं तेलही त्याच अस्तरानं पिऊन टाकलं. पोलादाचा यात काडीचा दोष नव्हता. दुकानदाराला हे सांगितलं, तर "विकलेला माल परत नाही" म्हणून फोन ठेवला. लाखाच्या हत्यारासोबत असला सल्ला देणाऱ्याचा राग अजून गेलेला नाही.

मग कोल्हापुरात चप्पल लाईनला, चामड्याच्या वस्तूंच्या बाजारात गेलो. हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, म्हणून घरी कागदावर त्याचा आकार काढून नेला. तिथल्या कारागीर मामांनी म्हशीचं जाड कातडं घेतलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. अस्तर नाही, तळाला पाणी निथळायला भोक, वर चापाचं कडं पूर्ण झाकणारी पट्टी. ६५० रुपये. पैसे घेताना मामा म्हणाले, "कातडं कुठलंबी असू दे, पाणी धरणारच. घरात आलं की बाहेर काढून ठेवत जावा."

आता रात्री आल्यावर काडतुसं काढतो, हत्यार पुसतो, तेलाचा हात देतो आणि कोरड्या सुती फडक्यात कुलपात ठेवतो. होल्स्टर खुंटीला, वाऱ्यावर. परवानाधारक कारागिरानं गंज उतरवून दिला, पण नळीच्या डाव्या अंगाला बारीक खड्डे राहिले आहेत. बोट फिरवलं की लागतात.